परमुलखातल्या पोरींची राखण

बोंडवाचा वास आला की मला राग येतो. आधी यायचा नाही, यंदा येतो. शेवंती, माझी बायको, श्रावणात गेली. झाडांना त्याचे काही आहे काय? मार्च उजाडला आणि पार्सेचा डोंगर दरवर्षीसारखाच पिवळा-तांबडा होऊन बसला. सकाळी दार उघडले तर काजूच्या बोंडवांचा वास थेट चुलीपर्यंत आत. मी म्हटले, ये मेल्या, बस. तुझीच वाट बघत होतो.

पण किती वेळ रागावणार? बोंडू हातात धरून पिळला की रस कोपरापर्यंत जातो. खाल्ला की घसा धरतो, आणि घसा धरला म्हणून शिव्या घालता घालता माणूस दुसरा उचलतो. सदऱ्यावर डाग पडला तर सदरा फाटेल, डाग जाणार नाही. माझ्या एका सदऱ्यावर पाचसहा वर्षांचे काजू आहेत. शेवंती म्हणायची, "ह्यो सदरो न्हय, डोंगराचो नकाशो." वर माकडे बोंडू खातात आणि खालची बी तेवढी आमच्यासाठी टाकून जातात. असले प्रामाणिक गडी मला खाणीवरसुद्धा मिळाले नाहीत. खाली भट्टीवर बोंडू तुडवणाऱ्यांच्या गप्पा, धूर, आणि सकाळचा गार नीरो, म्हणजे बोंडवांचा ताजा गाळलेला रस. पेला तोंडाला लावला की दात शिरशिरतात आणि आदल्या दिवशीचे भांडण विसरायला होते.

मी पाळीच्या खाणीवर फिटर होतो. सगळा जन्म तांबड्या धुळीत गेला. घरी येऊन अंग धुतले की पाणी तांबडे, कान कोरला की कापूस तांबडा. म्हातारपणी पार्सेला कायमचा आलो तर इथे बायकोने पडवीत कारखाना मांडलेला. चार बायका, वाफवलेल्या बियांचा ढीग आणि काजू फोडायची दोन यंत्रे. यंत्रे मीच सुट्टीत येऊन केलेली होती. त्यात काही मोठी करामत नाही. एक बी दोन पात्यांच्या मधल्या खळग्यात ठेवायची, पायाने पायडल दाबायचा, पाती कवचात घुसतात, हाताने दांडा फिरवायचा, कवच दोन फाका होऊन उघडते. आत अख्खा गर. पाते जास्त घुसले तर गराचे तुकडे, कमी घुसले तर कवच तुमच्याकडे बघून हसते. कवचात तेल असते, ते कातडी भाजते, म्हणून बायका हाताला राख चोळून बसतात. शेवंतीची बोटे हंगामभर काळी असायची. लग्नाला जाताना ती हात पदराखाली घ्यायची. मी म्हणायचो, लपवतेस कित्याक, चोरी केली काय?

आज तीच पडवी. बायका येतात, फोडतात, बोलतात. मला बघून थोड्या हळू बोलतात. मी सांगून टाकले, "मेला कोणी असेल तर ती गेली, मी नाही. मोठ्याने बोला."

हा हंगाम आला की मला दुसरा एक हंगाम आठवतो. दहाएक वर्षे झाली असतील. डिचोलीच्या एका काजू कारखानदाराचा निरोप आला, की आफ्रिकेतून एक बाई काजू फोडायला शिकायला आली आहे. त्याच्याकडची यंत्रे मोठी, विजेची. तिला घरगुती काम शिकायचे आहे, तर तीन महिने ठेवून घ्याल काय? शेवंतीने मला विचारले नाही. "हाडा," म्हणाली. आणा.

मारियामा आली. उंच, सावळी नव्हे, चांगली काळीभोर, आणि हसली की पडवीत उजेड. गिनी-बिसावची. तो मुलूख आमच्यासारखाच पोर्तुगिजांच्या हाताखाली राहिलेला, आणि जिकडेतिकडे काजू. मी लहानपणी दोन वर्षे पोर्तुगीज शाळेत मार खाल्लेला, तेवढ्यावर मला वाटले आपण बोलू. तोंड उघडले आणि काही आठवेना. पण शेवंती, जी शाळेत गेलीच नव्हती, ती घडाघडा बोलायला लागली. मारियामाने मेजाला हात लावला, म्हणाली "मेझा." शेवंतीने खिडकी दाखवली, "जनेल?" ती म्हणाली, "जनेला!" मग कुलेर म्हणजे चमचा, चावी, बाल्दी, तुवालो, बटाट, पपाय. दोघी एकमेकींचा हात धरून घरभर फिरल्या, न्हाणीपर्यंत. पोर्तुगीज गेले, नावे मागे ठेवून गेले, ती अशी कामाला आली. शेजारची आनंदी तोंडाने तिखट. ती यंत्रावर बसल्या बसल्या म्हणाली, "वैनी, गावली तुमची लेक. जत्रेत हरवलेली ती हीच."

त्या दिवसापासून ती लेकच. कमरेला शेवंतीचे जुने लुगडे, डोक्याला तिचे फडके. नीरोचा पहिला पेला प्यायली आणि डोळे मिटून काहीतरी बोलली. आम्हाला एवढे कळले, की हे आमच्याकडेही असते. मग पायांनी तुडवून दाखवले, पडवीत गोल गोल. बायका खिदळल्या. मी खिदळलो नाही. मी कानस लावत होतो. पण खोटे कशाला सांगू, मिशीत हसलो.

दोन्ही मुलखांचा काजू एकाच वेळी पिकतो, हे मला त्या वर्षी कळले. तिकडेही मार्च-एप्रिलात बायका टोपल्या घेऊन रानात जातात. फरक एवढाच, की त्यांच्या बिया अख्ख्या जहाजात भरून इकडे येतात, आणि आम्ही फोडून गर खातो. त्यांना फोडणे कोणी शिकवलेच नाही. आनंदी म्हणाली, "म्हणजे मेहनत त्यांची आणि काजूकतली आमची." मारियामाला काजूकतली कळली नाही, पण मान मात्र तिने हलवली.

तिच्या फोनमध्ये एक मुलगी होती. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, कमरेवर हात. बिंता. मारियामा तोवर आमची बोली मोडकीतोडकी बोलायला लागली होती. एका दुपारी आनंदीने विचारले, "चेडवाक कोणाकडे सोडून इलंस गो?" मुलीला कोणाकडे ठेवून आलीस? मारियामाने सांगितले, आईकडे. आणि तिचा पाय पायडलवर थांबला.

मी मागच्या बाजूला होतो. पडवीत पाच बायका असून आवाज नाही, म्हणजे यंत्र मोडले असे समजून उठलो. यंत्र धड होते. बायकांची तोंडे उतरली होती. शेवंतीने मला हाताने परत पाठवले. संध्याकाळी तिने मला सगळे सांगितले, आणि ती ज्या शब्दांत बोलली त्याच शब्दांत मी लिहितो, कारण फिरवून सांगितले की कोणाला कळत नाही. तिकडे काही गावांत मुलगी लहान असतानाच तिच्या आडजागेचा भाग पात्याने कापतात. तशी रीत आहे. कापले नाही तर मुलगी चांगली नव्हे, लग्नाची नव्हे. काही पोरी रक्त जाऊन मरतात. ज्या जगतात त्यांना लघवीला त्रास, बाळंतपणात जिवावर बेतते. मारियामाला लहानपणी कापले होते. बिंताच्या वेळी ती मरता मरता वाचली. आणि गावात कापणारी बाई कोण? मारियामाची आई. जिच्याकडे बिंता होती तीच.

"कापतात कधी?" मी विचारले.

"शाळेक मोठी सुट्टी पडली काय. पोरींक रानात एका झोपडीत नेतात. गाणी म्हणतात, शिकवतात, जेवण घालतात. आणि कापतात."

आमची पोरे सुट्टीची वाट बघतात. तिकडच्या काही पोरी सुट्टीला भितात. आणि हे ऐकून मी काय म्हणालो? मी म्हणालो, "त्यांच्या घरातले ते. आपल्याला काय करायचे?"

शेवंती भांडली नाही. ती भांडायची नाही, तीच मोठी अडचण होती. म्हणाली, "माजां न्हाण आठवता तुमका? खंय आठवतला, तुमी नव्हतात." मग आपले आपणच सांगितले. पहिल्यांदा न्हाण आले तेव्हा तिला हिरवे लुगडे नेसवले, मखरात बसवले, गावच्या बायका चार दिवस गात होत्या. आणि वर्षाच्या आत बारा वर्षांच्या पोरीला माझ्या घरात आणून टाकले. "गाणी बरी होती. लुगडां बरां होतां. माका फक्त लगीन नको होतां." पन्नास वर्षांत हे मला तिने पहिल्यांदा सांगितले. "आता न्हाणाची पोर शाळेत जाता. कायेक बिघडलां? गाणी ठेवची आणि पातां टाकचां, इतक्याच ती मारियामा म्हणता."

मारियामा आणि तिच्या गावच्या आणखी बायका नेमके तेच करत होत्या. मोठी संस्था वगैरे नाही. गावोगाव चालत जायचे, बायकांत बसायचे, बोलायचे. कायदा तिकडे आहे, पण कायदा गावापर्यंत चालत येत नाही, बायका येतात. कापणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या वाईट बोलत नाहीत, कारण त्या म्हाताऱ्यांनाही त्यांच्या आयांनीच ते काम दिलेले. त्या कामाला मान आहे, घरी तांदूळ येतो, नवे कापड येते. ते काम सोड म्हणून सांगायचे तर हातात दुसरे काही द्यायला हवे, ज्याला मानही आहे आणि भातही आहे. म्हणून काजू. मारियामाच्या आईने कबूल केले होते, तू शिकून ये, काम घेऊन ये, मी पाते टाकते. पण सुट्टीआधी ये. सुट्टी लागली आणि माझे हात रिकामे असले तर लोक मला बोलावणार, आणि मी जाणार.

तेव्हा एका बाजूला सुट्टी, एका बाजूला यंत्र, आणि मध्ये ती बोळकी पोर कमरेवर हात ठेवून उभी.

आनंदीने नंतर असेही म्हटले, की बरे, आपल्या देशात तरी हे नाही. मारियामा म्हणाली, आहे, तुमच्या देशातही काही घरांत आहे, झाकून. झाकलेले सगळीकडे असते. आम्ही आमचे झाकतो, ते त्यांचे.

शेवंतीने ठरवले, की आपले स्वतःचे यंत्र मारियामाला द्यायचे. मी म्हटले, चालते हत्यार हंगामात घरातून जात नाही. दसऱ्याला ज्याला फूल घालतो ते असे उचलून द्यायचे? ती म्हणाली, "मी दगडान फोडीन." मी म्हटले, पाठवायचा खर्च? ती म्हणाली, "राखणदाराचां झाड आसा मां."

आमच्या बांधावर एक जुने काजूचे झाड आहे. त्याच्या बिया आम्ही घरात घेत नाही. त्या राखणदाराच्या, म्हणजे गावाची, डोंगराची राखण करणाऱ्या देवाच्या. त्यातून दरवर्षी त्याचा रोट, नारळ, देवळाला काय ते. माझ्या आज्यापासून चालत आलेले. मी आता खरेच चिडलो. "देवाचे देऊ नकोस गो."

"राखणदार बियो खाता काय? पोरींची राखण करतलो तोच राखणदार."

मी म्हटले, असे असेल तर कौल घे. मनात म्हटले, सुटलो. देव कशाला गिनी-बिसावला जातो?

देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला ओले कळे चिकटवले, उजव्या अंगाला आणि डाव्या. उजवा पडला तर होय. मग तो गाऱ्हाणे घालायला उभा राहिला आणि अडला. काय म्हणून सांगू देवाला? शेवंतीने जे होते ते त्याला तोंडावर सांगितले. गुरव घामाघूम. मान खाली घालून त्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या बायन आज तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या. आनंदी सगळ्यांत मोठ्याने.

"परमुलखात ल्हान ल्हान चेडवां आसत, त्यांच्या जिवार... त्यांच्या जिवार जां काय येता..."

"पातां येता, पातां!" शेवंती मागून.

"...जां पातां येता, तां तू तुज्या हातान परत कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणे संपायच्या आधीच उजवा कळा पडला. मी म्हटले, ओला जास्त होता. गुरवाने माझ्याकडे असे बघितले की मी नारळ फोडायला बाहेर गेलो.

असा मी धर्मादाय माणूस झालो. स्वतःच्या इच्छेने नव्हे, एका कळ्याने आणि एका बायकोने. आता कोणी मला विचारतो, कशाला देता, कोण ती माणसे, तर मी विचारतो, तू देवळात देतोस तेव्हा देव ओळखीचा असतो काय?

मी यंत्र खोलले. पाती, दांडा, पायडल, स्प्रिंग, सगळे वेगळे करून जुन्या लुगड्यांत बांधले. खालचे लाकडी मेज तिथला सुतार करील. मारियामाला मी जोडणी इतक्या वेळा करायला लावली, की शेवटी ती डोळे मिटून जोडायची आणि मला चिडवायला गाणे म्हणायची. निघाली त्या दिवशी शेवंतीने तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि आमच्या डोंगराचे अख्खे गर. मारियामाला वाटले हे वाटेत खायचे. गाडीत बसायच्या आधीच तिने दोन तोंडात टाकले. आनंदीने कपाळाला हात लावला. शेवंती म्हणाली, "खा गो बाये, खा. देव काय उपाशी ऱ्हाणा नाय."

मग झाली माझी चूक. चाळीस वर्षे फिटरकी करून केलेली.

मारियामा पोचली, सुताराने मेज केले, यंत्र उभे राहिले. अख्खे गाव बघायला जमले. तिच्या आईने सगळ्यांसमोर आपले जुने पाते फडक्यात बांधून बाजूला ठेवले आणि यंत्रावर बसली. पहिली बी फोडली, तुकडे. दुसरी, तुकडे. दहावी, तुकडे. लोक हसले. आमची बी मोठी, अंगठ्याएवढी. त्यांची बी बारीक. माझ्या पात्यांचा खळगा आमच्या बीच्या मापाचा, त्यात त्यांची बी तिरकी बसायची आणि पाते गरातून आरपार. मारियामाही तीन महिने आमच्याच बिया फोडून गेली. आमच्या डोंगराची बी म्हणजे जगाची बी, असे मी धरून चाललो होतो. दुसऱ्याच्या घरचे माप कोणी विचारायचे?

हे आम्हाला कळले ते आनंदीच्या सुनेच्या फोनवर. त्यात चित्र दिसायचे. मारियामाचा चेहरा एवढासा झालेला. म्हणाली, आई म्हणते, हे काम मला येत नाही, मला येते ते काम बरे. आणि सुट्टी दोन आठवड्यांवर.

शेवंतीने माझ्याकडे बघितले. भांडली असती तर बरे.

मी म्हटले, म्हातारीला पुढे घे. फोनमध्ये एक म्हातारी आली. डोळे असे की मी खाणीवरचे मुकादम विसरलो. मी दुसऱ्या यंत्राचे पाते सोडवून हातात धरले, दाखवले, खळगा इथे आहे, तो लहान हवा. पात्याच्या कडा इथे इथे घासून आत आणा, मग दोन्ही पाती जवळ येतील. कानस असेल तर कानस, नाहीतर दगड. मी मराठीत ओरडत होतो, ती तिच्या भाषेत ओरडत होती, मारियामा मध्ये. "पोको, पोको!" मी ओरडलो. थोडे थोडे. देवाने एक शब्द तरी आठवणीत ठेवला होता. म्हातारी म्हणाली ते मारियामाने सांगितले नाही, पण तिथले सगळे हसले.

मग म्हातारीने पाते सोडवले. अंगठ्यावर घेतले. कडेवरून बोट फिरवले, उजेडात धरले, आणि दगडावर पाणी घालून घासायला बसली. मी बघत राहिलो. माप नाही, पट्टी नाही. चार हात मारायचे, बोट फिरवायचे, पुन्हा चार. पात्याची धार कुठे किती, हे त्या बोटांना जन्मभर ठाऊक. ते हात आजवर काय करत आले ते मला माहीत होते, आणि तरी मी फिटर, मला खोटे बोलता येत नाही. तसा हात मी दुसरा बघितला नाही. अंगावर काटा आला आणि शाबास पण म्हणावेसे वाटले. दोन्ही एकदम.

बसवले. बी ठेवली. पायडल, दांडा. कवच उघडले. म्हातारीने गर चिमटीत धरून फोनसमोर आणला, एवढा जवळ की सगळा फोन पांढरा झाला. अख्खा!

आनंदीने पडवीत उडी मारली आणि राखेचे ताट लाथाडले. माझ्या तोंडावर राख. फोनमधली म्हातारी मला बघून इतकी हसली, की तिचेही पुढचे दोन दात नाहीत हे आम्हाला दिसले. "आजीवर गेली ही पोर," शेवंती म्हणाली.

त्यानंतर फोन लागेना. तिकडे पाऊस, इकडे पाऊस. म्हातारी गर अख्खे काढते हे खरे, पण एक आजी आणि एक अख्खे गाव. सुट्टी लागली असणार. लोक दारात येऊन उभे राहिले असणार. पोरींना झोपडीत नेले असणार, तेवढे नक्की होते. गाणी तशीच राहणार, झोपडी तशीच राहणार, असेच तर ठरले होते. आत काय होणार, एवढेच ठरायचे होते. शेवंती चुलीवर भात करपवायची. ती, जिने कधी भात करपवला नाही. आम्ही करपलेला भात खायचो. एकदा मी म्हटले, "नसेल झाले काही." ती म्हणाली, "तुमका काय ठाऊक? तुमी पुरुस." खरेच होते.

आता ती नाही आणि हे सगळे माझ्या अंगावर आले आहे. राखणदाराच्या झाडाच्या बिया हंगामाच्या शेवटी बायका एक दिवस बसून फोडतात. तो दिवस त्या मजुरी घेत नाहीत. जे येते ते तिकडे जाते. कधी यंत्राला, कधी त्या झोपडीतल्या जेवणाला, कधी आणखी कुठल्या गावच्या म्हातारीला. मारियामाच्या आईने पुढे तीन गावांच्या कापणाऱ्या बायकांना पायडल मारायला शिकवले. माझ्यापेक्षा जास्त ओरडते म्हणे. कोणाला वाटेल आम्ही इथून तारले. काय तारणार? पाऊल त्या बायकांचे, धाडस त्यांचे, भांडणे त्यांच्या घरातली. आम्ही पाठीला हात लावला एवढेच. पण पाठीला हात लागला की माणूस उभा राहतो, हे मला यंदा समजले. श्रावणात शेवंती गेली त्या दिवशी अंगणात अख्खे गाव होते. आनंदीचा नवरा, ज्याच्याशी माझे बांधावरून वाकडे, तो नुसता पाठीला हात लावून उभा होता.

शेवंती हळू आवाजात बायकांना सांगून बिया गोळा करायची. मला हळू बोलता येत नाही. परवा भट्टीवर चार जण काजूची हुर्राक पीत बसले होते, त्यांना मी तोंडावर सांगितले कशासाठी मागतो ते. एकजण म्हणाला, "काका, असली गोष्ट चारचौघांत?" मी म्हटले, कापतात ते चालते, सांगितले की लाज? त्याने पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दारात त्याच्या बियांची टोपली. स्वतः आला नाही, टोपली आली. मला टोपलीशी काम.

आणि त्या पहिल्या वर्षीचा तो दिवस. त्याचे सगळे मला अजून दिसते. आषाढाचा दिवस, दुपार उतरलेली, पाऊस मध्येच थांबलेला, पागोळ्या तेवढ्या चालू. आनंदीची सून फोन हातात धरून चिखलातून धावत आली. शेवंतीने हात पुसले नाहीत, तशाच ओल्या हाताने फोन कानाला. मी समोर. मारियामा एवढे भराभर बोलत होती की काही कळेना, आणि मग फोन कोणीतरी तिच्याकडून ओढून घेतला.

बिंता होती. ती रडत होती.

शेवंतीचा चेहरा राखेसारखा झाला. "काय झालां गो बाये? खंय दुखता?" कोकणीतच. पलीकडून पोर रडत रडत काहीतरी मोठी तक्रार सांगत होती. शेवंतीने फोन माझ्या कानाला लावला, तुमी दोन वर्सां शाळेत गेल्यात मां, आयका. मी ऐकले. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. जुएल्यो. मास्तर शिक्षा म्हणून ज्यावर आम्हाला उभे करायचा ते. गुडघा.

मग मारियामा आली आणि हळू सांगितले. पोरी आज झोपडीतून बाहेर आल्या. सगळ्या. आजी आत होती, आठ दिवस, हातात काही न घेता. गाणी सगळी म्हटली, एक सोडले नाही. जेवण झाले, नाच झाला. नाचताना बिंता जोरात उडाली आणि दगडावर पडली. गुडघा फुटला. रक्त आले. आता आजी औषध लावते तर हात लावू देत नाही.

"बाकी काय दुखत नाय मां?" शेवंतीने विचारले. "विचार तिका. बाकी खंय?"

पलीकडे विचारल्याचे ऐकू आले. बिंता रडायची थांबली. इतका वेडा प्रश्न तिला कोणी विचारला नसेल. "नाऊं," म्हणाली. नाही. आणि पुन्हा गुडघ्यासाठी रडायला लागली.

शेवंती पडवीतून उतरली ती पदर न घेता, पायात काही न घालता. साठी उलटलेली बाई वाडीभर ओरडत धावली, "चेडवाचो गुडघो फुटलो गो! आनंदी, गुडघो फुटलो!" आनंदी दारात आली, हात जोडले, "देवा, पावलंस रे बाबा!" तिसरीने घरातून विचारले, "रगत इलां?" "इलां, इलां!" शेवंती म्हणाली, आणि त्या सगळ्याजणी एकमेकींना धरून चिखलात फुगडी घालायला लागल्या.

पोदेर पावांची टोपली घेऊन सायकलवरून येत होता. तो ब्रेक लावून उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, कोणा चेडवाक लागलां म्हणतत, आणि ह्यो हासतत कित्याक?"

मी शेवंतीकडे बोट दाखवले.

शेवंतीने फुगडी सोडली, गरगरत आली, सायकलीचे हँडल पकडले आणि म्हणाली, "टोपली सगळी हंयच रिती कर रे. घरोघर दी. एकूण एक घरात."

"वैनी, सगळो पाव?"

"सगळो."